जादा वेल्डिंग

माझा दीर मुंबईला एका संस्थेत डॉक्टर व्हायला शिकत होता. ताप आल्यावर गोळी देणारा डॉक्टर नव्हे. दुसऱ्या जातीचा, ज्याचा घरात कुणी आजारी पडलं तर काडीचा उपयोग नसतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो बिगरीत होता. त्याचं नाक मी पुसलं, उवा मी काढल्या, आणि तरी रीत म्हणून त्याला ‘भावोजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणत आले. आपणच वाढवायचं आणि आपणच अहोजाहो करायचं, यात त्याचा फायदा होता, माझा काही नव्हता.

माझा नवरा त्याच्याहून बराच मोठा. नवरा सातवी शिकलेला, मी चौथी. त्याने मुंबईच्या गोदीत दहा वर्षं वेल्डिंग केलं आणि मग रत्नागिरीला बंदराच्या रस्त्यावर स्वतःचा कारखाना घातला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ, एक ड्रिल आणि वेल्डिंगचं सामान. मच्छीमार लाँचींच्या पंख्याचे वाकलेले दांडे सरळ करायचे, डिझेलच्या टाक्या सांधायच्या, अशी कामं. कामात तो चांगला होता. बायको म्हणून हे सांगत नाही. बायको म्हणून सांगायचं तर दुसरंच काही सांगेन. बंदरावरचे तांडेल, म्हणजे लाँचींचे म्होरके, म्हणायचे, याने सांधलेली टाकी लाँच बुडाली तरी फुटायची नाही. ते ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात हवा गेली होती.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. शिमग्याला दीर घरी आला तो काखेत कागदाची एवढी मोठी गुंडाळी घेऊन. जेवायला बसल्यावर नवऱ्याने विचारलं, “काय बनवायचंय?”

“एक भांडं. स्टेनलेसचं. त्यातली सगळी हवा काढून टाकायची.”

मी वाढत होते. म्हटलं, “आणि आत काय ठेवणार?”

“चांदीचा एक तुकडा, वहिनी. रुपयाएवढा.”

“बस?”

“आणि त्याच्यावर रेणूंचा एक थर.”

“तो केवढा?”

“तो डोळ्यांना दिसत नाही.”

“मग एवढं हंड्याएवढं भांडं कशाला?”

नवरा हसला. दीर हसला नाही. मग त्याने जेवता जेवता सांगितलं ते असं. कुठल्याही वस्तूच्या अंगावर सारखं काहीतरी येऊन चिकटत असतं. हवेतलं, पाण्यातलं, आपल्या हाताचं. आपल्याला फक्त एकाच प्रकारचे रेणू चिकटवायचे आणि त्यांच्यावर प्रकाश टाकायचा. प्रकाश परत येतो तेव्हा त्याचा रंग किंचित बदललेला असतो. त्या बदलावरून रेणू चांदीला कसे चिकटले आहेत, प्रकाश पडल्यावर कसे थरथरतात, ते कळतं. पण भोवती हवा असली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत चांदी मळते.

“मग घासायची,” मी म्हटलं.

“घासून जात नाही वहिनी तो मळ. म्हणून तर हवा काढायची.”

आता हे त्याने मला नीट सांगितलं आणि मला ते कळलंही. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्याने एक गोष्ट नीट न सांगितल्यामुळे झालं.

संस्थेचा स्वतःचा कारखाना होता, पण तिथे मोठी रांग होती. ज्या यंत्रातून तो प्रकाश सोडणार होता ते यंत्र त्याला पावसाळ्यापुरतं मिळालेलं. ज्येष्ठ लागायच्या आत भांडं मुंबईला नेऊन उभं केलं नाही तर यंत्र दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाणार होतं, आणि त्याची शिष्यवृत्ती त्या वर्षाबरोबर संपणार होती. म्हणजे सहा वर्षं शिकलेलं पाण्यात. दादाला वेल्डिंग येतं, हे त्याला तेव्हा आठवलं. एरवी मुंबईत मित्रांना तो भावाचा ‘इंजिनिअरिंगचा व्यवसाय’ आहे म्हणून सांगायचा. हे मला त्याच्याच एका मित्राकडून कळलं होतं.

भांड्याला सहा तोंडं होती. एक हवा ओढणाऱ्या पंपाला, एक किती हवा उरली ते दाखवणाऱ्या काट्याला, एक चांदीचा तुकडा टांगायच्या दांडीला, एक रेणू आत सोडायला, एक प्रकाश आत जायला, एक बदललेला प्रकाश बघायला. शेवटच्या दोन तोंडांना काचा बसायच्या. दीर तीन दिवस कागदावर पट्टी घेऊन कोन काढत बसला. काढायचा, खोडायचा. मग नवऱ्याने माझा रॉकेलचा रिकामा डबा घेतला, त्याला चित्राप्रमाणे भोकं पाडली, आत आरशाचा तुकडा उभा केला आणि एका भोकातून बॅटरीचा झोत सोडला.

“हा उजेड आरशावरून उडून कुठे गेला बघ,” तो म्हणाला.

उजेड डब्याच्या आतल्या अंगावर आपटून सगळीकडे पसरला होता. बघायच्या भोकातून नुसतं पांढरं दिसत होतं.

“एवढ्या उजेडात तुला तो किंचित बदललेला रंग दिसणार काय? उडालेल्या उजेडाला बाहेर जायला वाट ठेव. सातवं तोंड पाहिजे.”

दिराने डबा उचलून भोकातून आत बघितलं. मग त्याने वही काढून सातवं तोंड काढलं. ‘बरोबर आहे दादा’ एवढेही शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. नवऱ्याने मात्र पुढचे आठ दिवस बंदरावर भेटेल त्याला सांगितलं की धाकट्याच्या चित्रातली चूक मी काढली. दोघे सारखेच.

वेल्डिंगच्या बाबतीत चित्रात एक गोष्ट ठळक लिहिलेली होती. सांधा आतल्या बाजूने सलग भरायचा. बाहेरच्या बाजूने फक्त आधाराला टाके मारायचे. बोटभर टाका, मग चार बोटं जागा मोकळी, मग पुन्हा टाका. नवऱ्याने विचारलं, “बाहेरून सलग का नको?”

“तसंच करतात दादा.”

“पण का?”

“पुस्तकात तसंच आहे. तू तेवढं चित्राप्रमाणे कर.”

एवढं बोलून दीर पंप आणि काटा आणायला मुंबईला गेला. आठ दिवसांनी येणार होता.

नवऱ्याने आतून वेल्डिंग दोन दिवस केलं. बाहेरून टाके मारले. तिसऱ्या दिवशी एक तांडेल आपला दांडा न्यायला आला आणि भांडं बघून उभा राहिला. हा तांडेल दाढीवाला, तोंडाचा फटकळ, आमच्याकडे वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

“उस्ताद, ही काय उसवलेली शिवण?”

“तसंच आहे चित्रात.”

“माझ्या टाकीला अशी शिवण घातली असतीस तर तुझ्या दारात आणून आपटली असती.”

“ही टाकी दर्यात जायची नाय.”

“दर्यात जायची नाय म्हणून काय झालं? हात तर तुझाच ना? लोक बघतील तर म्हणतील, म्हातारा झाला.”

तांडेल दांडा घेऊन गेला. मी चहाचे कप उचलायला गेले तेव्हा नवऱ्याने डोळ्यांवर काच ओढली होती आणि तो बाहेरच्या मोकळ्या जागा भरत होता.

मी म्हटलं, “चित्रात नाही ना तसं?”

“चित्र काढणाऱ्याने कधी टाकी घेऊन वादळात रात्र काढलीय? आतून एक, बाहेरून एक. एकाला दोन असलेली बरी.”

“पण भावोजींनी नको म्हणून सांगितलंय.”

“का नको ते सांगितलंय त्याने? त्यालाच माहीत नाय. तू कप घे आणि जा.”

मी कप घेतले आणि गेले. मला काय करायचंय, असं मनात म्हटलं. त्यात माझा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. बाहेरचं वेल्डिंग त्याने घासून सपाट केलं आणि मग असं पॉलिश मारलं की सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळेना. दीर आला, त्याने भांड्यात आपलं तोंड बघितलं, केस सारखे केले आणि म्हणाला, “फर्स्ट क्लास, दादा!” टाके कुठे आहेत ते त्याने विचारलं नाही. चकाकलेलं बघितलं की शिकलेला माणूसही खेड्यातल्या नवरीसारखा हरखतो.

मग धुणं. ते दोघांपैकी कोण करणार? दीर म्हणाला, “वहिनी, तुमच्यासारखं स्वच्छ कुणी धूत नाही.” कौतुक कशासाठी चाललंय ते मला कळत होतं. बंबात पाणी तापवलं, सोडा घातला, भांड्यात खांद्यापर्यंत हात घालून कोपरान् कोपरा घासला. मग साधं गरम पाणी, मग हातखंब्याच्या गॅरेजातून आणलेलं बॅटरीत घालायचं पाणी, मग दिराने आणलेलं ते डोक्यात जाणारं औषध. त्यानंतर भांड्याला उघडा हात लावायचा नाही. हातमोजे. केस बांधायचे. तोंडावर फडकं. बोटाचा एक ठसा आत राहिला तर त्याचं तेल महिनाभर हवेत सुटत राहतं म्हणे.

माझी सासू सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा हाच दीर तिला मुद्दाम शिवायचा आणि म्हणायचा, आई, हात लावल्याने काय होतं ते दाखव मला. आता मी जरा वाकून आत बघितलं तर ओरडायचा, “वहिनी, श्वास! श्वास आत सोडू नका!” सासूच्या सोवळ्यात निदान पोळी मिळायची.

तोंडांना झाकणं बसवली. प्रत्येक झाकणाखाली तांब्याचं कडं. एकदा आवळलं की ते कडं मेलं, पुन्हा वापरायचं नाही. पंप लावला. धडधड धडधड, घरात बोललेलं ऐकू येईना. त्या पंपाच्या वर आणखी एक पंप होता, तेल उकळून चालणारा. त्याचं तेल भांड्यात चढू नये म्हणून मध्ये एक कप्पा होता आणि तो कडकडीत थंड ठेवायला नायट्रोजन लागायचा, पाण्यासारखा पातळ केलेला. तो रत्नागिरीत कुठे मिळणार? एकाच ठिकाणी होता. गुरांच्या दवाखान्यात. तिथे जातिवंत वळूंचं बीज त्यात गोठवून ठेवतात आणि गावठी गायींना देतात.

तिथला ड्रेसर ओळखीचा होता. दिराबरोबर मलाच जावं लागलं, कारण मुंबईच्या साहेबाला तो दारात उभं करीना.

“कशाला पाहिजे वहिनी? गाय माजावर आलीय?”

“गाय नाही. भांडं आहे.”

“भांडं?”

दिराने त्याला रेणू, चांदी, प्रकाश सगळं सांगितलं. ड्रेसरने शांतपणे ऐकून घेतलं, दिराच्या थर्मासात वाफाळतं गार ओतलं आणि म्हणाला, “घेऊन जा. पण पहिल्या खेपेला गाभण नाही राहिलं तर एकवीस दिवसांनी परत आणायचं, हां.”

दिराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या सगळ्या महिन्यात मी मनापासून हसले ती एकदाच.

काटा खाली यायला लागला. पहिले दोन दिवस भराभर आला. दिराने भांड्याला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळून ते भाजलं, म्हणजे आत चिकटलेलं पाणी निघून जातं. थंड झाल्यावर काटा आणखी खाली आला आणि एका जागी थांबला. तिथून हलेना. दिराला पाहिजे होतं त्याच्या शंभर पट हवा आत होती. त्याने काट्याला टिचक्या मारल्या. मीटर बिघडला की गावच्या वायरमनने जे केलं असतं तेच डॉक्टर होणाऱ्याने केलं.

मग गळती शोधणं सुरू झालं. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवायचा आणि एकेका सांध्यावर फिरवायचा. भोक असेल तर स्पिरिट आत ओढलं जातं आणि काटा उडी मारतो. चार दिवस दीर बोळा फिरवत होता. प्रत्येक झाकण, प्रत्येक सांधा, काचेची कड. काटा ढिम्म. त्यात वीज गेली. पंप थांबला आणि तेल उलटं भांड्यात चढलं. म्हणजे सगळं उघडा, वहिनी धुवा. पुन्हा लावलं, पुन्हा काटा तिथेच. पुन्हा वीज गेली. पुन्हा वहिनी धुवा. तीन वेळा धुतलं मी ते. माझ्या हातांची सालं निघाली.

वैशाख अर्धा झाला. दिराची दाढी वाढली. ताटावर बसायचा आणि भाताचे ढीग करायचा. एक दिवस तो म्हणाला, “सातवं तोंड काढून टाकूया.”

नवऱ्याने घास खाली ठेवला. “का?”

“मूळ डिझाइनमध्ये सहाच होती. सातव्याचा सांधा शेजारच्या सांध्याच्या फार जवळ आलाय. तिथेच काहीतरी आहे.”

“स्पिरिट लावलंस ना तिथे? हलला काटा?”

“नाही हलला. पण दुसरं काय असणार? बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे आहे.”

“म्हणजे पुस्तकाचं बरोबर आणि माझं चूक.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तसंच म्हटलंस.”

दोघे उठले ते दोन दिशांना गेले. दुसऱ्या दिवशी दीर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावून बसला आणि दुपारी त्याच्या सरांशी बोलून आला. सरांनी एकच प्रश्न विचारला होता. तो त्याने शेडच्या दारात उभं राहून नवऱ्याला विचारला.

“दादा, बाहेरून टाकेच मारलेत ना? सलग नाही ना भरलं?”

मी मागे विळीवर फणस फोडत होते. हाताला तेल होतं, उठता येत नव्हतं. पण ऐकू येत होतं. नवरा लेथवर वाकलेला. त्याने वर बघितलं नाही.

“चित्राप्रमाणे केलंय.”

“नक्की?”

“एकदा सांगितलं ना!”

“बरं. सर म्हणाले, विचारून घे. मी म्हटलं, दादा चित्र सोडून करणार नाही.”

हे त्याने काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, खरंच म्हटलं होतं. आणि नवरा ते ऐकून घेऊन दांडा फिरवत राहिला. वीस वर्षांत मी त्याला गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना बघितलं नव्हतं. पहिल्यांदा बोलला तो भावाशी, आणि कशासाठी, तर तांडेल काय म्हणेल म्हणून.

त्या संध्याकाळी दिराने कपडे भरायला घेतले. सरांना सांगतो, भांडं झालं नाही, म्हणाला. यंत्र दुसऱ्याला द्या. पुढच्या वर्षी कुठे शाळेत मास्तरकी मिळते का बघतो. नवरा पाटावर बसून खाली मान घालून जेवत होता. वरण मागून घेतलं त्याने. वरण मागितलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, “बाहेरून सगळं भरलंय.”

दिराने वर बघितलं. “काय?”

“टाके नाहीत. सलग आहे सगळं. टाक्यांच्या मधल्या जागा यांनी भरल्या, वरून पॉलिश मारलं. मी बघितलंय.”

 मग नवरा म्हणाला, “तुला काय कळतं त्यातलं?”

“काही कळत नाही. बघितलं ते सांगितलं.”

“दादा?” दीर म्हणाला.

“जास्त मजबूत केलं! कमी नाय केलं!” नवरा एवढा ओरडला की ताट हललं. “दोन शिवणी मारल्या तर बिघडलं काय? एकातून गळेल तर दुसरी धरील!”

आणि तेव्हा, भांडं करायला घेऊन दोन महिने झाल्यावर, दिराने कारण सांगितलं. आतली शिवण आणि बाहेरची शिवण यांच्यामध्ये बारीक पोकळी राहते. तिच्यात हवा कोंडते. आतल्या शिवणीला सुईच्या टोकाएवढं जरी भोक असेल तरी ती कोंडलेली हवा भांड्यात झिरपत राहते, कितीही दिवस. आणि बाहेरून स्पिरिट लावून ते भोक कधी सापडत नाही, कारण बाहेरची शिवण स्पिरिटाला आत जाऊच देत नाही. म्हणून बाहेरून मोकळ्या जागा ठेवायच्या.

नवऱ्याने सगळं ऐकलं. त्याचा चेहरा बदलला. कारागीर होता, त्याला ते एका दमात कळलं.

“हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?”

“तू विचारलंस तेव्हा...” दीर थांबला. “मलाही एवढं नीट माहीत नव्हतं. सरांनी फोनवर सांगितलं.”

“आणि माहीत असतं तर सांगितलं असतंस?”

दीर भरलेले कपडे पुन्हा बाहेर काढायला लागला. नसतंच सांगितलं. सातवीवाल्याला कारण कशाला सांगायचं, हुकूम पुरे.

मी उरलेलं वरण झाकून ठेवलं.

उपाय सोपा होता. बाहेरच्या शिवणीला ड्रिलने बारीक भोकं पाडायची, आतल्या शिवणीपर्यंत न पोचता. म्हणजे पोकळी बाहेरच्या हवेला मोकळी होते आणि आतलं भोक कुठे आहे ते स्पिरिटाला सापडतं. पण दुसऱ्या दिवशी नवरा सकाळीच बंदरावर निघून गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही. आरशासारख्या पॉलिशला स्वतःच्या हाताने भोकं पाडायची, आणि ती कशासाठी, तर आतल्या शिवणीतली आपलीच चूक भावाला दाखवायला. त्यापेक्षा भावाचं वर्ष गेलेलं चालणार होतं त्याला. तोंडाने म्हणाला नाही, पण बंदरावर बसून तो तेच म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी दिराने स्वतः ड्रिल हातात घेतलं. भांडं वाळूच्या पोत्यावर आडवं ठेवलेलं. नवरा नेमका तेव्हा विड्या न्यायला घरी आला. दाराशी थांबला. दिराने ड्रिल तिरकं धरलं होतं, एका हाताने, आणि दुसरा हात नेमका टोकाच्या समोर. नवऱ्याला ते बघवेना. भावाची काळजी होती की ड्रिलची, देव जाणे.

“अरे हात काढ तो! टोक मोडशील, हात फोडशील. सरक.”

दीर सरकला. नवऱ्याने टोकाला किती आत जायचं त्याच्या खुणेला सुतळी बांधली आणि एकेक भोक पाडत गेला. अकरा भोकं. प्रत्येक भोकाला एकदा श्वास धरायचा आणि एकदा सोडायचा. मग पुन्हा पंप. काटा खाली आला आणि आपल्या जुन्या जागी येऊन थांबला. दिराने बोळा घेतला. पहिल्या भोकाला स्पिरिट, काही नाही. दुसरं, तिसरं, काही नाही. सातव्या भोकाला बोळा टेकला आणि काटा ताडकन उडाला.

ते भोक सातव्या तोंडाजवळ नव्हतं. पंपाच्या तोंडाखाली होतं, जिथे पहिल्या दिवशीचं काम थांबवून नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पुढे सुरुवात केली होती. दिराने बोळा तिथेच धरून ठेवला. काट्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं नाही. नवऱ्याने पंप बंद केला, भांडं उघडलं, आत हात घालून तेवढा बोटभर भाग खरवडून काढला आणि पुन्हा भरला. मी चौथ्यांदा धुतलं. या वेळी कुणी कौतुक केलं नाही.

काटा खाली आला. थांबायच्या जागेच्या खाली आला, आणखी खाली आला. दीर तिथे बाकड्यावर बसून रडला. नवरा बाहेर जाऊन विडी ओढत उभा राहिला. मी पंपाचा आवाज बंद कधी होणार तेवढं विचारलं. तिसऱ्या दिवशी भांडं गोधडीत गुंडाळून मुंबईच्या ट्रकमध्ये चढवलं, दीर त्याला टेकून बसला आणि गेला. ज्येष्ठ लागायला चार दिवस होते.

नवरा त्यानंतर माझ्याशी महिनाभर बोलला नाही. बोलायचं असलं की भिंतीला सांगायचा. मी भिंतीला उत्तर द्यायची.

गणपतीत दीर आला तो भांड्याचे फोटो घेऊन. काम होत होतं. प्रकाशाचा रंग बदलत होता, रेणू थरथरत होते. तो दाढीवाला तांडेल मोदकाला आला होता, त्यानेही फोटो बघितले.

“उस्ताद, ही भोकं कसली पाडलीस?”

मी हातात ताट घेऊन उभी. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही.

“ती पाडावी लागतात,” तो म्हणाला. “हवा कोंडू नये म्हणून. त्याशिवाय हे भांडं चालत नाय.”

तांडेल दिराकडे वळला. “खरं काय हो, डॉक्टर?”

“हो, हो,” दीर म्हणाला. “डिझाइनमध्येच आहे ते.”

नवऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मोदक वाढला. वैशाखात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका खोट्यावर असे चिकटले की वेल्डिंगने चिकटले नसते. चूक कुणाचीच झाली नव्हती. घरात चुगली करणारी एक बाई होती, एवढंच.

पुढच्या वर्षी दिराच्या संस्थेतल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला तसंच भांडं पाहिजे होतं. दिराने स्वतः काढलेलं चित्र टपालाने आलं. सात तोंडं. आतून सलग शिवण. बाहेरून टाके, बोटभर टाका, चार बोटं जागा मोकळी. आणि त्याशिवाय प्रत्येक टाक्याच्या मधोमध, बाण काढून, एकेक भोक. मी मोजली. अकरा.

टाक्यांच्या मधून हवा मोकळीच जाते. त्या भोकांचा आता कशाला काही उपयोग नव्हता. हे चौथी शिकलेल्या बाईला कळलं, तर ज्याने ते दोन महिने भोगलं त्याला आणि ज्याने ती पाडली त्याला कळत नव्हतं असं मी मानणार नाही. पण एकाने ते कागदावर काढलं आणि दुसऱ्याने भिंतीवर चिकटवलं. नवऱ्याने या वेळी ‘का’ म्हणून विचारलं नाही. आतून सलग भरलं, बाहेरून टाके मारले, मग सुतळी बांधून अकराच्या अकरा भोकं पाडली, अगदी चित्राप्रमाणे.

मी काही बोलले नाही. बंबात पाणी ठेवलं आणि सोडा आणायला गेले.